मागणं पहिल्या ओळीत

पद्मा गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळची वेळ, मी अण्णा नगरच्या बाजारात भाजीवालीसमोर दोडकी निवडत उभी होते. रेवती मॅडमचा तीन ओळींचा इंग्रजी निरोप होता. तो वाचला आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिणार आहे. तिची खुर्ची. खिडकीजवळची ती खुर्ची आता रिकामी झाली, हे पहिलं आलं. रडू नंतर आलं, आणि आलं ते असं आलं की भाजीवाली घाबरून "एन्नाच्चु मा?" म्हणून विचारायला लागली. काय झालं, एवढंच ती विचारत होती. आणि इतकी वर्षं या शहरात राहून मला तमिळमध्ये "मैत्रीण गेली" एवढं साधं वाक्य जुळवता येईना. मी नुसती मान हलवत राहिले. तशातही मनात आलं, पद्मा असती तर तिने फाडफाड सांगितलं असतं. बघा, मेल्यावरही हेवा सुटत नाही तो नाहीच.

आता सहा आठवडे होऊन गेले. आम्ही दोघी अण्णा नगरमध्ये कर्णबधिर मुलांची शाळा चालवणाऱ्या एका लहानशा संस्थेत कामाला होतो. मी तिथे पत्रव्यवहार बघते. पद्मा राव प्रस्ताव लिहायची. म्हणजे शाळेला काही हवं असलं की मोठमोठ्या कंपन्यांकडे, न्यासांकडे इंग्रजीत रीतसर लेखी मागणी करायची, ती तिची जबाबदारी. मुलांची कानातली यंत्रं, वाचा-उपचाराची शिक्षिका, बसची दुरुस्ती, सगळं त्या कागदांच्या जोरावर चालतं, त्यामुळे त्या खुर्चीला आमच्याकडे फार मान. बारा वर्षांपूर्वी मी त्या संस्थेत पाऊल टाकलं तेव्हाच ठरवलं होतं की ही खुर्ची आपली. बसली ती पद्मा.

माझं सांगायचं तर मी मूळची साताऱ्याची. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्याच्या बदलीबरोबर इथे आले. वडील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मी शाळेतून येताना त्यांच्याजवळ बसायची आणि अर्ज कसा लिहायचा ते ऐकायची. आधी साहेबाला मान द्यायचा, मग अर्जदाराची परिस्थिती सांगायची, चांगली ऐसपैस, वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालील अशी, आणि अगदी शेवटी "सबब विनंती की". मागणं शेवटी, आणि तेही मान खाली घालून. दारात पाय टाकल्या टाकल्या हात पुढे करतो तो माणूस बिनरीतीचा, असं ते म्हणायचे. पुढे मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. चेन्नईत आल्यावर तेवढीच माझी पुंजी. तमिळ येईना, मराठी बोलायला माणूस मिळेना, बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात मी मुकी. पण इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की लोक जरा सरसावून बसायचे. तेवढ्यावर माझी मान ताठ होती.

आणि ही पद्मा! तंजावरकडच्या मराठी घरातली. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं. शाळा तमिळमधली, नोकरी टायपिस्टची. पहिल्या दिवशी ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तुम्हीं मराठी अहांत म्हणे. बेष झालें! मज बोलायला माणूस हवें होतें." मला इतकं हसू आलं. वाटलं, कुणी जुनी बखर उघडून वाचतंय, आणि ती पण तमिळ सुरात! मी तिला सुधारायला लागले. 'अस्की' नको म्हणू गं, 'सगळं' म्हण. 'बेष' नको, 'छान' म्हण. ती बिचारी "सरी, सरी" म्हणून मान डोलवायची, सरी म्हणजे ठीक. एकदाच म्हणाली, "तुमचें मराठी पुढें गेलें सुनंदा, आमचें इथेंच बसून राहिलें. त्यास काय करायचें?" आम्ही लवकरच अगंतुगं करायला लागलो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बुटकी, केसात रोज मोगऱ्याचा गजरा, आणि डब्यातलं लोणचं आधी दुसऱ्याच्या ताटात वाढायची सवय. मला ती फार आवडायची. हेवा सुरू होईपर्यंत सगळ्यात जास्त तीच आवडायची.

तो सुरू झाला टी. नगरमध्ये. रेवती मॅडम आमच्या संचालक. त्यांनी ठरवलं की त्या खुर्चीवर बाहेरून येणाऱ्या माणसाऐवजी प्रस्ताव लिहिणारं घरचं माणूस हवं, आणि आम्हा दोघींना शनिवारच्या एका क्लासला पाठवलं. साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास, शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक. इंग्रजी येणाऱ्या लोकांनाच तिथे घेत. तुम्हाला व्याकरण शिकवायला मी बसलेलो नाही, मागायला शिकवायला बसलोय, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी मनात म्हटलं, ही तर आपल्या घरची विद्या. पहिला प्रस्ताव मी असा काही लिहिला की बस्स! अत्यंत विनम्रतेने, आपल्या उदार दृष्टिकोनाचा लौकिक ऐकून, वगैरे दीड पान, तेही असं घोटीव इंग्रजी की वडील असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं. सरांनी तो वाचला, लाल पेन्सिल घेतली आणि शेवटून दुसऱ्या ओळीभोवती गोल काढला. म्हणाले, "बाई, तुमची भाषा सुंदर आहे. पण तुम्हाला काय हवंय ते कळायला मला इथवर यावं लागलं. मी कंपनीतला माणूस असतो तर इथवर आलोच नसतो." सगळा वर्ग हसला. मग त्यांनी पद्माचा कागद उचलला. तिला इंग्रजी येत होतं ते पत्रं टाइप करून करून आलेलं, आखूड आखूड वाक्यांचं. पहिलंच वाक्य असं, की आमच्या शाळेतल्या मुलांना ये-जा करायला एक बस हवी आहे आणि ती तुम्ही द्यावी. पुढे कोण चालवणार, कुठल्या रस्त्याने जाणार, कोणती मुलं बसणार, आणि ती आज शाळेत कशी येतात. संपलं! सर म्हणाले, "हे बघा. हिला मागताना लाज वाटत नाही." तो शेराच होता म्हणा, पण त्यांनी तो बक्षीस दिल्यासारखा दिला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तिला त्या विद्येचं वेडच लागलं. ज्याचा त्याचा प्रस्ताव लिहायची. नवऱ्याला मिक्सर बदलण्याचा लेखी प्रस्ताव दिला, गरज, उद्दिष्ट, अपेक्षित परिणाम सगळं मांडून, आणि रावांनी खाली "मंजूर" लिहून सही केली. तो कागद तिने क्लासमध्ये आणून दाखवला! शाळेचा मसुदा झाला की ती व्हरांड्यात सेल्वी आयाजवळ जाऊन बसायची आणि तो तमिळमध्ये तिला सांगायची. सेल्वीने मध्येच "मग पाहिजे काय तुम्हाला?" असं विचारलं की पद्मा उठून परत लिहायला बसायची. मी हसायची. इंग्रजी प्रस्ताव आयाला दाखवून कुणी तपासून घेतं का? पण मला मनातून कळत होतं की मी हे करूच शकत नाही, कारण सेल्वीशी बोलायला माझ्याकडे भाषाच नाही. तिच्याकडे तमिळ होती. मराठी होती, जुनी का असेना. आणि आता माझं इंग्रजीही तीच घेऊन चालली होती. माझ्याजवळ काय राहिलं? वर्ष संपता संपता रेवती मॅडमनी तिला त्या खुर्चीवर बसवलं. मी पेढे आणले, तिच्या तोंडात भरवला आणि घरी जाऊन नवऱ्याशी तीन दिवस धड बोलले नाही.

तरी प्रत्येक मसुदा ती माझ्याकडे आणायची. "सुनंदा, तुझें इंग्लिश माझ्याहून चांगलें. एकदां बघ." मी बघायची, बारीकसारीक दुरुस्त करायची. त्यात माझंही थोडं समाधान व्हायचं. अशी दोनेक वर्षं गेली. मग आला ध्वनिरोधक खोलीचा प्रस्ताव. मुलांचे कान तपासायला आमच्याकडे सामानाची खोली होती, आणि तिची खिडकी सरळ बसच्या रस्त्यावर. यंत्रातून बारीक आवाज द्यायचा, पोराने हात वर करायचा, आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायचा. काय तपासणार, कपाळ? एका न्यासाकडे मागणी करायची संधी आली. पद्माने महिनाभर खपून मसुदा केला. शेवटच्या दिवशी तिला मामींच्या श्राद्धाला तंजावरला जायचं होतं. माझ्या टेबलावर पेनड्राइव्ह ठेवून म्हणाली, "तपास, आणि संकेतस्थळावर तूंच चढवून टाक. दुपारपर्यंत मुदत आहे. तुझ्यावर सोडून जातें."

मी मसुदा वाचला. फार चांगला होता. पहिल्या वाक्यात मागणी, पुढे एकेक कारण. एकही शब्द हलवायला जागा नाही. तेवढंच मला सहन झालं नाही. मी स्वतःला सांगितलं, हे फार रोखठोक आहे, एवढ्या मोठ्या न्यासाशी असं बोलतात का, जरा रीतभात हवी. आणि मी मागणीचं वाक्य उचलून खाली नेलं. वर न्यासाच्या कार्याचा गौरव लिहिला, मग शाळेची कहाणी लिहिली, माझ्या पद्धतीने, सविस्तर... सरांचा तो लाल गोल मला दिसत नव्हता असं नाही. चांगला दिसत होता. तरी केलं. संकेतस्थळावर सारांशासाठी ठराविक शब्दांचा चौकोन होता आणि जास्तीचं आपोआप कापलं जात होतं. ते कापलं गेलेलंही मी पाहिलं. वाटलं, पुढे जोडलेलं सविस्तर पत्र आहेच, त्यात वाचतील की. आणि बटण दाबलं.

उत्तर दीड महिन्याने आलं. रेवती मॅडमनी ते बैठकीत वाचून दाखवलं. आपल्या शाळेची परिस्थिती वाचून आम्ही हेलावून गेलो, परंतु आपल्याला आमच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे ते स्पष्ट होत नाही, क्षमस्व. पद्माने हात लांब करून जोडलेला छापील सारांश घेतला. वाचला. माझ्या बाजूला मान वळवून एकदा बघितलं, फार वेळ नाही. मी पाण्याची बाटली उघडत बसले. ती म्हणाली, "चूक माझी. पाठवण्याआधीं मीं शेवटचें बघायला हवें होतें." त्या वर्षी खोली झाली नाही. धरणी नावाची एक सहा वर्षांची मुलगी होती, त्या सामानाच्या खोलीत तिची तपासणी चुकली, कानातलं यंत्र चुकीचं लागलं, आणि वर्षभर ती पोर यंत्र काढून काढून फेकायची. शिक्षिका तिला हट्टी म्हणायच्या. पुढच्या वर्षी पद्माने परत लिहिलं, दुसऱ्या न्यासाकडे, आणि खोली झाली. त्या खोलीत धरणीची तपासणी परत झाली. पेढे या खेपेला पद्माने वाटले. मलाही दिला.

पण मसुदा तिने मला परत कधी दाखवला नाही. नऊ वर्षांत एकही नाही. बाकी सगळं होतं तसंच... डबा, लोणचं, माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस राबणं. एकदाही तिने विचारलं नाही, "सुनंदा, असें कां केलेंस?" विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, कबूल तरी केलं असतं. तिने विचारलं नाही आणि मला सांगवलं नाही. तिचा प्रत्येक मंजूर झालेला प्रस्ताव मला सुईसारखा टोचायचा आणि मी टाळ्या वाजवायची.

गेल्या वर्षी तिला पोटाच्या दुखण्याने गाठलं. कामाला मदत म्हणून दिव्या नावाची आमची तरुण शिक्षिका तिच्या हाताखाली आली. हुशार पोरगी, फोनवरच्या यंत्राकडून मिनिटात इंग्रजी लिहून घेणारी. पद्मा तिला म्हणायची, यंत्र इंग्लिश देईल गं, मागायचें काय तें तूंच सांगायला हवें. ती जायच्या चार दिवस आधी मी तिच्या घरी गेले ती मनाशी ठरवूनच, आज सांगून टाकायचं. दुपारची वेळ, खिडकीजवळ पलंग, बाई वाळून काटकी झालेली, पण गजरा होता. मी बसले, तोंड उघडणार तोच तिने उशाखालून एक कागद काढला. "तपास," म्हणाली.

नऊ वर्षांनी! वाचायला लागले. रेवती मॅडमना लिहिलेला प्रस्ताव होता. पहिलं वाक्य असं, की माझ्या जागी दिव्याला नेमावं. मला वाटलं, कुणी कानाखाली दिली. खाली माझं नाव होतं. सुनंदाचं इंग्रजी माझ्याहून आणि दिव्याहून सरस आहे, दिव्याचा प्रत्येक कागद तिच्या नजरेखालून जावा. पण ही जागा तिला देऊ नये. तिला मागणं म्हणजे भीक वाटते, आणि ती मागणं लपवते.

"हे माझ्याबद्दल लिहिलंस?" मी म्हटलं.

"खोटें आहे काय?" आवाज खोल गेलेला, पण डोळे माझ्यावर. "खोटें असेल तर काढ. पेन्सिल तिथें आहे. मग तूंच मॅडमला नेऊन दे."

मी पेन्सिल हातात घेतली. घेतली आणि ठेवली. जे सांगायला आले होते ते ओठांवर आलं, आणि मी म्हणाले, "दमलीस तू. पड जरा." ती "सरी" म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मी कागद पर्समध्ये घालून घरी आले.

ती गेल्यावर दहा दिवसांनी रेवती मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, आता ती जागा तुम्हीच घ्या, तुमच्याशिवाय आहे कोण. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते शब्द! मी म्हटलं, विचार करून सांगते. पर्समधल्या कागदाची कुणाला खबर नव्हती. रावांनाही नाही, दिव्यालाही नाही. तीन आठवडे मी तो कागद घेऊन हिंडत होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून त्या खुर्चीवर बसूनही पाहिलं. ती पद्माच्या उंचीला लावलेली, माझे गुडघे नको तितके वर आले. तशी बसले असतानाच दिव्या आत आली. मला वाटलं, आता ही काय म्हणते! तिने हातातला कागद पुढे केला. कानाच्या यंत्रांसाठीचा मसुदा, तिने एकटीने लिहिलेला पहिला. "मॅम, बघाल का? पद्मा मॅम सांगून गेल्यात, सुनंदा मॅमनी बघितल्याशिवाय काही पाठवायचं नाही."

मला नऊ वर्षं चिटोरं न दाखवणारी बाई हिला असं सांगून गेली! मी तिथेच उभी राहून तो मसुदा वाचला. चांगला होता. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू, त्या पोरीचाही वाटला. तिला म्हटलं, पाठव, काही करायला नको. आणि तशीच रेवती मॅडमच्या खोलीत गेले, पर्समधून कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो सावकाश वाचला. परत वरपासून वाचला. मग चष्मा काढला.

"हा पद्माने तुमच्याकडे तपासायला दिला होता?"

"हो."

"यावेळी काही बदललंत?"

यावेळी... मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ते उत्तर आलं त्याच दिवशी तिने सांगितलं. मी तुम्हाला लगेच बोलावणार होते. तिने बोलावू दिलं नाही. म्हणाली, सुनंदा आपणहून येऊन सांगेल, तुम्ही विचारायचं नाही. मी दरवर्षी तिला विचारायचे, आली का तुमची मैत्रीण? ती म्हणायची, येईल."

नऊ वर्षं मी तिच्या खुर्चीवर जळत होते आणि नऊ वर्षं ती माझी वाट बघत होती. त्या दुपारी पलंगावर पडून, हातात पेन्सिल देऊन, तेव्हाही ती वाटच बघत होती, आणि मी तिला "पड जरा" म्हणून आले. इतकी वाट बघणं मला कुणासाठी जमलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला, तिथल्या तिथे, मॅडमच्या समोर.

"काही नाही बदललं," मी म्हटलं. मग खुर्ची ओढून बसले आणि प्रस्तावना न करता बोलले, "ती खोली त्या वर्षी माझ्यामुळे झाली नाही. मला माफी हवी आहे, आणि जिच्याकडे मागायची ती आता नाही."

मॅडमनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "धरणी एकदाही नापास न होता दहावीच्या वर्गात गेलीय, आज शाळेत आहे. तिच्यापासून सुरुवात करा."

मी उठले आणि वर्गाकडे गेले. बरोबर सेल्वीला घेतलं, माझं मोडक्यातोडक्या तमिळमधलं बोलणं खुणांनी धरणीला सांगायला.